दुकानाची वही चोख, घराची वही कोरी

दिवाळीच्या संध्याकाळी आपल्या प्रत्येक पेढीवर एक दृश्य ठरलेले असते. भगवान महावीरांच्या निर्वाणाचा तो दिवस आणि आपल्या व्यापारी वर्षाचाही तोच उंबरठा. नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढले जाते, पहिल्या पानावर ‘श्री’ची उतरंड लिहिली जाते, एका बाजूस ‘शुभ’ आणि दुसऱ्या बाजूस ‘लाभ’ येतो. हिशेब आता संगणकावर गेले असले, तरी लाल कापडाची एक वही आजही पाटावर मांडली जाते. या वहीचा अभिमान आपल्याला वाटतो आणि तो रास्तही आहे. कीर्द आणि खतावणी यांचा मेळ बसल्याशिवाय दुकानाला कुलूप लावायचे नाही, ही शिस्त आपल्या आजोबा-पणजोबांनी घालून दिली आणि तीन-चार पिढ्या ती पाळली गेली.

परंतु दुकानाची वही इतकी चोख असताना घराची वही मात्र बहुतेक कुटुंबांत कोरीच असते. कोणत्या बँकेत किती ठेव आहे, विम्याचे कागद कोठे आहेत, कोणाचे काय येणे आहे, कोणाला काय द्यायचे आहे, हे सारे कर्त्या पुरुषाच्या डोक्यात असते. डोक्यात असलेल्या हिशेबाची दुसरी प्रत नसते. तो माणूस गेला की हिशेबही त्याच्याबरोबर जातो. ही गोष्ट मी ऐकीव सांगत नाही. गेल्या वर्षी आमच्याच कुटुंबाने तिची किंमत मोजली आहे.

आमच्या घरी घडलेले

माझे चुलत मोठे बंधू लातूरच्या आडत बाजारात तीस वर्षे दुकान चालवीत होते. तूर आणि सोयाबीन हा त्यांचा मुख्य माल. शेतकऱ्याची पट्टी त्याच दिवशी चुकती करणारे दुकान म्हणून त्यांचा लौकिक होता. फाल्गुनात एका रात्री त्यांच्या छातीत दुखू लागले आणि इस्पितळात पोचण्यापूर्वीच सारे संपले. वय अठ्ठावन्न. मागे भाभी, पुण्यात शिकणारा चोवीस वर्षांचा मुलगा आणि सासरी गेलेली मुलगी.

बारा दिवस झाल्यावर मुनीमजींनी दुकानाचा हिशेब समोर ठेवला. एका रुपयाचा फरक नव्हता. मग आम्ही घरच्या कपाटाकडे वळलो, आणि तेथून अडचणी सुरू झाल्या.

दुकान दादांच्या एकट्याच्या मालकीचे होते. मृत्यूची खबर मिळताच बँकेने चालू खात्यातून पैसे देणे थांबवले. दादांनी सोयीसाठी सही करून ठेवलेले चेक कपाटात होते. पण खातेदाराच्या मृत्यूनंतर त्या सह्यांना काही अर्थ उरत नाही. ऐन हंगामात शेतकऱ्यांचे पैसे देण्यासाठी भाभींना स्वतःच्या बांगड्या गहाण ठेवाव्या लागल्या. विम्याची एक मोठी पॉलिसी जुन्या पिशवीत सापडली. तिच्यावर नामनिर्देशन होते ते दादांच्या आईचे, आणि काकींना जाऊन नऊ वर्षे झाली होती.

याहून अवघड गोष्ट पुढे आली. दादांच्या खिशातल्या डायरीत एका पानावर एका नातेवाईकाचे नाव आणि पुढे ‘चार’ एवढेच लिहिलेले होते. मुनीमजींना आठवत होते की दोन वर्षांपूर्वी दादांनी त्यांना मुलीच्या लग्नासाठी चार लाख रुपये हातउसने दिले होते. भाभींनी संकोचाने विचारणा केली. त्या गृहस्थांनी शांतपणे सांगितले, “भाभी, मी ते मागच्या दिवाळीला दादांच्या हातात परत केले.” कागद ना याच्याकडे, ना त्यांच्याकडे. ते खोटे बोलत असतील असे मला वाटत नाही. भाभीही लोभाने विचारत नव्हत्या. ज्याला ठाऊक होते तो माणूस मात्र सांगायला उरला नव्हता.

परवा संवत्सरीच्या प्रतिक्रमणानंतर दोन्ही कुटुंबांनी रीतीप्रमाणे एकमेकांची क्षमा मागितली. घरी परतताना भाभी मला म्हणाल्या, “भैया, मिच्छामि दुक्कडं म्हटले, मनापासून म्हटले. पण मनातला आकडा पुसला जात नाही. त्यांच्याही मनातला पुसला जात नसेल.” हे वाक्य ऐकल्यापासून हा लेख लिहावा असे मनात आले. पैशाचे नुकसान व्यापारी भरून काढतो. एका न लिहिलेल्या ओळीमुळे दोन प्रामाणिक घरांच्या मध्ये उभा राहिलेला संशय भरून काढायला कोणते भांडवल पुरणार?

आनंद श्रावकाने काय केले?

या विषयाला आपल्यातील काही वडीलधारी मंडळी संसारी उपद्व्याप मानतील. धर्माशी त्याचा काय संबंध, असे विचारतील. त्यांच्यासाठी उपासकदशांग सूत्रातील पहिल्याच कथेचे स्मरण करून देतो. वाणिज्यग्रामचा आनंद गाथापती हा भगवान महावीरांच्या दहा प्रमुख श्रावकांपैकी पहिला. बारा व्रते स्वीकारताना त्याने परिग्रहाची मर्यादा बांधली, ती मोघम शब्दांत नव्हे. चार कोटी सुवर्णमुद्रा निधीत, चार कोटी व्याजबट्ट्यात, चार कोटी घरसंसाराच्या विस्तारात. प्रत्येकी दहा हजार गायींचे चार व्रज. पाचशे नांगरांची जमीन. मालवाहू गाड्या आणि नौका. सारे त्याने आकड्यांनिशी सांगितले आणि त्यापलीकडच्याचा त्याग केला.

परिग्रह-परिमाण व्रताचा हा व्यवहारी अर्थ आपण विसरतो. मर्यादा बांधायची असेल तर आधी मोजावे लागते. तत्त्वार्थसूत्राने या व्रताचे अतिचार सांगताना शेत आणि घर, सोने आणि चांदी, धन आणि धान्य असे एकेक प्रकार वेगळे नोंदवले आहेत, त्याचेही कारण हेच. आपल्याजवळ किती आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याचे परिमाण केवळ शब्दांत राहते.

आनंदाने पुढे आणखी दोन गोष्टी केल्या. व्रते घेऊन तो घरी आला आणि पत्नी शिवानंदेला त्याने सारे सांगितले. तिनेही भगवंतांकडे जाऊन श्रावकधर्म स्वीकारला. आणि चौदा वर्षांनंतर निवृत्त होताना त्याने आप्तेष्टांना भोजनास बोलावले, सर्वांच्या देखत ज्येष्ठ पुत्रावर कुटुंबाचा भार सोपवला, यापुढे व्यवहाराचे मला विचारू नका असे सांगितले आणि तो पौषधशाळेत गेला.

मोजणे, सांगणे आणि सोपवणे, अशी ही तीन पावले आहेत. आजच्या काळात ती कशी टाकावीत, एवढेच पुढे सांगतो.

पहिले पाऊल : मोजणे

दिवाळीला अजून सात-आठ रविवार आहेत. एक शंभर पानी वही घ्यावी आणि दर रविवारी सामायिकानंतर अर्धा-पाऊण तास पती-पत्नींनी एकत्र बसून एकेक प्रकरण लिहावे. संगणकात लिहिले तरी चालेल, पण एक छापील प्रत कपाटात असावीच.

पहिला रविवार माणसांचा. घरातील प्रत्येकाचे आधार, पॅन, जन्मदाखला, विवाह नोंदणी यांच्या प्रती एकत्र कराव्यात आणि नावांची अक्षरे ताडून पाहावीत. आपल्या समाजात ही अडचण फार मोठी आहे. एका कागदावर गोत्राचे आडनाव, दुसऱ्यावर ‘जैन’. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, लग्नानंतर बदललेले दुसरे. माणूस हयात असताना ही दुरुस्ती काही दिवसांत होते. तो गेल्यावर दोन्ही नावांची व्यक्ती एकच हे सिद्ध करता करता वारसांचा जीव मेटाकुटीस येतो.

दुसरा रविवार बँकेचा. प्रत्येक खाते, मुदत ठेव आणि लॉकर यांची शाखेसह नोंद करावी आणि प्रत्येकावर नामनिर्देशन कोणाचे आहे ते लिहावे. जेथे रकाना रिकामा असेल तेथे पुढच्याच आठवड्यात तो भरावा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीसाठी एकाऐवजी चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. एकाच वेळी ठरावीक हिश्शाने, किंवा एकामागून एक अशा क्रमाने. लॉकरसाठी मात्र क्रमानेच करता येते. घरखर्चाचे खाते पती-पत्नींच्या संयुक्त नावे आणि ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणारा’ या अटीवर असावे, म्हणजे कठीण दिवसांत किमान चूल अडत नाही.

तिसरा रविवार विम्याचा. आयुर्विमा, आरोग्य विमा, दुकानाचा व गोदामाचा विमा, वाहनाचा विमा. पॉलिसी क्रमांक, हप्त्याची तारीख, नामनिर्देशन. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेल्या पॉलिसीवर बहुधा आईचे वा वडिलांचे नाव असते. आमच्या घरचा अनुभव वर सांगितलाच आहे.

चौथा रविवार शेअर आणि म्युच्युअल फंडांचा. डिमॅट खाते, फोलिओ क्रमांक, वडिलांच्या काळातील कागदी शेअर प्रमाणपत्रे. ज्या शेअरवरील लाभांश सलग सात वर्षे कोणी घेतलेला नसतो, तो लाभांश आणि ते शेअरही केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जमा होतात. बँकेतील ठेव दहा वर्षे बेवारस राहिली, तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते. दोन्ही ठिकाणी हक्क बुडत नाही, अर्ज करून रक्कम परत मिळवता येते. आजोबा-वडिलांच्या नावे अशा ठेवी राहून गेल्या आहेत का, हे रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ या संकेतस्थळावर शोधता येते. २०२३ पासून ही सोय आहे.

पाचवा रविवार स्थावराचा. घर, गाळा, गोदाम, प्लॉट, शेती. खरेदीखत, सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका, घरपट्टीची पावती, कर्ज असल्यास त्याचा तपशील. वडील जाऊन दहा वर्षे झाली आणि उताऱ्यावर अद्याप त्यांचेच नाव आहे, अशी घरे आपल्यात शेकड्यांनी सापडतील. फेरफाराचे काम आजच हाती घ्यावे. बहिणींच्या सह्या प्रेमाने मिळण्याचा काळ कायम राहतोच असे नाही.

सहावा रविवार सोन्याचांदीचा. दागिन्यांची यादी, अंदाजे वजन, छायाचित्र, आणि तो दागिना कोणाचा याची नोंद. सुनेच्या माहेरून आलेले, सासूने दिलेले, कुटुंबाचे सामाईक, हे वेगवेगळ्या पानांवर लिहावे. स्त्रीधन हे तिचेच असते. ते लिहून ठेवण्यात अविश्वास नाही, उलट आदर आहे.

सातवा रविवार येणे-देण्याचा. माझ्या मते हे सर्वांत महत्त्वाचे पान. हातउसने दिलेले आणि घेतलेले, कोणासाठी दिलेली जामीनकी, ठेवायला दिलेली किंवा घेतलेली अनामत, सारे तारखेसह लिहावे. वीस हजार किंवा त्याहून अधिक रकमेचे उसने रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. तेव्हा व्यवहार बँकेतूनच करावा, म्हणजे साक्षीला कागद राहतो. परतफेड झाली की दोघांनी एकमेकांना दोन ओळींचा संदेश पाठवावा. उधारी वसुलीची कायदेशीर मुदत साधारणतः तीन वर्षांची असते. मुदत संपण्याआधी घेणाऱ्याने बाकी मान्य करून लेखी सही दिली, तर ती मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते. केवळ आपल्या वहीतील नोंद दुसऱ्यावर देणे बसवायला पुरेशी ठरत नाही, हेही व्यापाऱ्याने लक्षात ठेवावे.

याच पानावर आणखी एक रकाना असावा : कबूल केलेले दान. संघात चातुर्मासासाठी लिहिलेली रक्कम, मंदिरात बोललेला चढावा, पांजरपोळीला दिलेला शब्द. दादांनी पांजरपोळीला चाऱ्यासाठी एकावन्न हजार रुपये देण्याचे कबूल केले होते. विश्वस्तांनी सौजन्याने कधी मागितले नाहीत. आम्हाला ते आठ महिन्यांनी योगायोगाने कळले आणि आम्ही त्याच दिवशी भरले. कळलेच नसते तर? आयुष्यभर कोणाची पट्टी एक दिवस न थकवणाऱ्या माणसाच्या नावावर मुक्या जनावरांचे देणे राहिले असते.

आठवा रविवार दुकानाचा. जीएसटी नोंदणी, आडत परवाना, भागीदारी पत्र, गाळ्याचा करार, कर सल्लागाराचे नाव, मोबाइल आणि संगणक उघडण्याची सोय. संकेतशब्द वहीत लिहू नयेत. बंद लिफाफ्यात वेगळे ठेवावेत आणि तो लिफाफा कोठे आहे एवढेच वहीत नोंदवावे.

दुसरे पाऊल : सांगणे

वही लिहून कुलपात ठेवली आणि किल्लीची जागा कोणाला सांगितली नाही, तर सारे श्रम व्यर्थ. घरातील किमान दोघांना वहीची जागा ठाऊक हवी. त्यांतील एक पत्नी असावी, हे आग्रहाने सांगतो. आपल्या भगिनी महिन्याचा घरखर्च, चार पाहुण्यांचे पारणे, मुलांच्या परीक्षा आणि सासूबाईंची औषधे बिनचूक सांभाळतात. पण बँकेचा अर्ज पुढे आला की “यांनाच विचारा” म्हणतात. ही त्यांची उणीव नव्हे, आपण लावलेली सवय आहे. वर्षातून दोनदा तरी पत्नीने स्वतः बँकेत जावे, लॉकर स्वतः उघडावा, विम्याचा हप्ता स्वतः भरून पाहावा.

मुलांनाही सांगावे. परगावी किंवा परदेशी असलेल्या मुलामुलींशी दिवाळीत एक तास बसावे. रकमा सांगायच्या नसतील तर सांगू नयेत. काय काय आहे आणि कोठे आहे, इतके पुरे.

आणि भागीदारांना सांगावे. भागीदारी पत्रात तशी तरतूद नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने पेढी कायद्याने विसर्जित होते. दोनच भागीदार असतील तर एकट्याची भागीदारी उरूच शकत नाही. भाऊ-भाऊ म्हणून वीस वर्षांपूर्वी केलेला कागद एकदा काढून वाचावा. ‘मृत भागीदाराच्या जागी त्याचा वारस येईल’ किंवा ‘त्याचा हिस्सा अमुक पद्धतीने मोजून दिला जाईल’ अशी ओळ त्यात असावी. एकट्याच्या मालकीचे दुकान असेल, तर मालकाबरोबर त्याची जीएसटी नोंदणीही संपते आणि वारसाला स्वतःच्या पॅनवर नवी नोंदणी घ्यावी लागते. शिल्लक माल आणि व्यवसाय वारसाकडे रीतसर गेला, तर न वापरलेली कराची वजावटही विहित अर्जाने त्याच्याकडे वळवता येते. यासाठी कर सल्लागाराला लगेच कळवावे.

तिसरे पाऊल : सोपवणे

येथे मृत्युपत्राचा विषय येतो आणि घरात एकदम शांतता पसरते. मृत्युपत्र करणे म्हणजे मरण जवळ बोलावणे, अशी आपली समजूत. रोज प्रतिक्रमणात अनित्यतेचे चिंतन करणाऱ्या समाजाने एका कागदाला इतके भ्यावे, हे नवल आहे.

मृत्युपत्रासाठी मुद्रांक कागद लागत नाही, मुद्रांक शुल्कही लागत नाही. साध्या कागदावर, स्वतःच्या भाषेत, स्पष्ट शब्दांत लिहावे. स्वतः सही करावी आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. ज्यांना मृत्युपत्राने काही मिळणार आहे अशांना साक्षीदार करू नये. साक्षीदार आपल्याहून तरुण असतील तर बरे. नोंदणी सक्तीची नाही. परंतु दुय्यम निबंधकाकडे ती केली तर पुढे शंकेला जागा कमी राहते. वृद्ध व्यक्तीने करताना तब्येत आणि मनःस्थिती चांगली असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. विचार बदलला तर हयातीत कितीही वेळा बदलता येते. शेवटचे तेच खरे.

मृत्युपत्र नसेल तर काय होते? वारशाच्या बाबतीत आपल्या समाजाला हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ लागू आहे. त्यानुसार पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि हयात असल्यास आई यांना समान हिस्सा मिळतो. ‘मुलीचे लग्न झाले, तिचा संबंध संपला’ हे कायद्याला मान्य नाही. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. तेव्हा बहिणीची सही गृहीत धरून व्यवहार करणाऱ्या भावांनी आधी बहिणीशी बोलावे. बोलणे झाल्यावर बहिणी बहुधा उदारच असतात. दुखावतात त्या न विचारल्यामुळे.

भगिनींनीही स्वतःचे मृत्युपत्र करावे. विशेषतः ज्या विधवा आणि निपुत्रिक आहेत त्यांनी तर अवश्य. अशा स्त्रीची स्वतःच्या कमाईची मिळकत, मृत्युपत्र नसल्यास, तिच्या आईवडिलांआधी पतीच्या वारसांकडे जाते. आईवडिलांकडून वारशाने आलेली मिळकत मात्र वडिलांच्या वारसांकडे परतते. तिच्या मनात काय होते, हे कोणी विचारत नाही.

तीन गैरसमज

पहिला गैरसमज : ज्याच्या नावे नामनिर्देशन, तो मालक. तसे नाही. बँक ठेवीत नामनिर्देशित व्यक्ती ही पैसे स्वीकारणारी विश्वस्त असते. हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्रात नाव असलेल्यांचा. शेअरच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले. सहकारी गृहनिर्माण संस्थेत नामनिर्देशित व्यक्तीला वारस ठरेपर्यंत तात्पुरते सभासदत्व मिळते. आयुर्विम्यात पती-पत्नी, आईवडील व मुले यांच्यासाठी २०१५ पासून वेगळी तरतूद आहे. त्याविषयी वकिलाचा सल्ला घ्यावा. थोडक्यात, नामनिर्देशनाने पैसा लवकर हाती येतो आणि मृत्युपत्राने तो कोणाचा हे ठरते. दोन्ही करावे आणि दोन्हींत शक्यतो एकच नाव असावे.

दुसरा गैरसमज : कुलमुखत्यारपत्र आहे, मग काळजी नाही. कुलमुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर ते संपते.

तिसरा गैरसमज : एटीएम कार्ड आणि त्याचा क्रमांक मुलाकडे आहे. खातेदाराच्या मृत्यूनंतर त्याच्या कार्डाने किंवा मोबाइलवरून पैसे काढणे नियमाला धरून नाही, आणि पुढे वारसांत वाद झाल्यास त्याच नोंदी विरोधात उभ्या राहतात. नामनिर्देशन असेल आणि कागद पूर्ण असतील तर बँकेने पंधरा दिवसांत दावा निकाली काढावा, असा नियमच आहे. तेवढा धीर धरावा. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत विनाशुल्क होते. दाखल्याच्या दहा-बारा मूळ प्रती एकदमच घ्याव्यात, कारण प्रत्येक दारी एक मागितली जाते.

शेवटी पुन्हा भाभींकडे

भाभींनी गेल्या आठवड्यात शंभर पानी वही आणली. मुलगा आणि मुलगी दोघांना समोर बसवून त्यांनी पहिली सात प्रकरणे आपल्या हाताने लिहिली. दुकानाला आता भागीदारी पत्र आहे. त्यात आई आणि मुलगा भागीदार आहेत आणि पुढे काय व्हावे याची ओळही आहे. बांगड्या सोडवून आणल्या आहेत.

येणे-देण्याच्या पानावर त्या नातेवाईकांच्या नावाशी त्यांचा हात थांबला. थोड्या वेळाने त्यांनी चार लाखांची रक्कम लिहिली आणि पुढे ‘चुकते’ असा शब्द घातला. मग मला म्हणाल्या, “त्यांना तुम्ही सांगून या, खाते बंद झाले म्हणून.” मी गेलो. त्या गृहस्थांनी ऐकून घेतले, बराच वेळ काही बोलले नाहीत. निघताना म्हणाले, “दादांकडून तेव्हा चिठ्ठी मागायला मला संकोच वाटला. मागायला हवी होती.”

हा संकोच आपण सर्वांनी सोडावा, एवढीच विनंती. येत्या रविवारी सामायिक झाल्यावर वही उघडा आणि पहिल्या पानावर घरच्यांची नावे लिहा. दिवाळीला पाटावर दुकानाच्या वहीशेजारी ही दुसरी वहीही मांडा. स्वस्तिक तिच्यावरही काढा.